ईपीएबीएक्स पुन्हा घ्यावं की फोनचं मासिक भाडं भरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत मुख्य कार्यालय, कोल्हापूर आणि सोलापूरला शाखा. ठिबक संच, पाइप, पंप यांची विक्री आणि दुरुस्ती. एकूण चोवीस माणसं. वळवाच्या पावसात वीज पडली आणि ईपीएबीएक्सची, म्हणजे बाहेरच्या लाइन आणि आतले फोन जोडणाऱ्या मशीनची, कार्डं जळाली. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीन मशीन घ्या. क्लाउड टेलिफोनी, म्हणजे मशीनचं काम स्वतःच्या सर्व्हरवरून करून देणारी सेवा, विकणारा म्हणतो, मशीनच नको, दर माणशी दरमहा भाडं भरा. विचारणाऱ्यांचं म्हणणं: "एकदाच पैसे मोजून आपली वस्तू घ्यावी, की आयुष्यभर भाडं भरत बसावं? मोठ्या कंपन्यांचं ठीक आहे, आमच्यासारख्यांना यात फायदा काय?"

माझं उत्तर: भाडं भरा, पण चोवीस जणांचं भरू नका. तुमच्याकडे बाहेरचे फोन घेणारी माणसं जेमतेम नऊ-दहा असतील. गोदामातल्या, हिशेबातल्या, फिटिंगला जाणाऱ्या माणसांना क्लाउडवरची जागा लागत नाही. विकणारा तुमची हजेरीपटावरची संख्या विचारतो, कारण त्याचा दर माणशी असतो. तुम्ही त्याला फोन उचलणाऱ्यांची संख्या सांगा. पहिला फायदा इथेच होतो आणि तो तुमच्या हातात आहे.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगतो, कारण विक्री करणारे नेमकं उलटं सांगतात. बिल कमी होईल म्हणून ही सेवा घेऊ नका. एसटीडीचे दर मिनिटावर मोजले जायचे, तेव्हा इंटरनेटवरून फोन म्हणजे बचत हे गणित खरं होतं. आज मोबाइलच्या आणि फायबरच्या साध्या प्लॅनमध्ये देशभरचं बोलणं जवळजवळ फुकटात येतं. उलट क्लाउडवर बऱ्याचदा एका संभाषणाचे दोन कॉल मोजले जातात. शेतकऱ्याचा फोन तुमच्या क्लाउड नंबरवर येतो, तिथून यंत्रणा तुमच्या माणसाच्या मोबाइलला दुसरा फोन लावते आणि दोन्ही टोकं जोडून देते. या दुसऱ्या टोकाची मिनिटं तुमच्या खात्यात पडतात. काही ठिकाणी ६० सेकंदांचा पल्स असतो, म्हणजे ६२ सेकंद बोललात तरी दोन मिनिटांचे पैसे. हे आधी विचारून घ्या.

मग भाडं भरायचं कशासाठी? तुम्ही न उचललेले फोन दिसावेत म्हणून.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तुमच्या जुन्या मशीनवर समजा सहा लाइन होत्या. सहाही चालू असताना सातव्या माणसाने फोन केला, तर त्याला एंगेज टोन ऐकू येतो आणि तो ठेवून देतो. तुमच्याकडे त्याची कुठेच नोंद राहत नाही. सकाळी आठला कार्यालय बंद असताना घंटा वाजून वाजून थांबली, तर तीही कुणाला कळत नाही. धंदा करणारा माणूस आलेल्या गिऱ्हाइकांवरून अंदाज बांधतो. परत गेलेलं गिऱ्हाईक त्याला दिसतच नाही. दुकानात तरी कुणी दारातून माघारी गेला तर डोळ्यांना दिसतं, फोनवर तेही नाही.

क्लाउडवर प्रत्येक कॉलची नोंद होते: किती वाजता आला, कोणत्या नंबरवरून, किती वेळ वाजला, कुणाकडे गेला, कुणी उचलला, माणूस "अमक्यासाठी १ दाबा" असा मेनू ऐकतानाच कंटाळून गेला का. पहिल्या आठवड्यानंतर हा तक्ता तासांप्रमाणे लावून बघा. तुमच्या धंद्यात मला काय दिसेल असं वाटतं ते सांगतो. सकाळी कार्यालय उघडण्याआधी फोनची एक लाट असेल, कारण शेतकरी रानात जाण्याआधी फोन उरकतो. जेवणाच्या सुट्टीत एक खड्डा असेल, तोही फोन कमी येतात म्हणून नव्हे, उचलणारे कमी असतात म्हणून. आणि काही फोन भलत्याच वेळी, रात्री उशिरा असतील. शेतीपंपांना वीज अजून बऱ्याच ठिकाणी चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्याच्या फीडरला रात्रीची पाळी आहे, त्याचा पंप बिघडला आहे हे त्याला रात्रीच कळतं. वीज जाण्याआधी दुरुस्ती व्हावी म्हणून तो ओळीने तीन दुकानांना फोन लावतो. जो उचलतो किंवा निदान सकाळी सगळ्यांत आधी उलट फोन करतो, त्याचं काम होतं.

रात्री माणूस बसवा असं मी म्हणत नाही. रात्रीचा फोन यंत्रणेने घ्यावा, मराठीत एक वाक्य बोलावं, "तुमचा नंबर नोंदवला आहे, सकाळी साडेसातच्या आत फोन येईल", आणि खरोखरच साडेसातला कुणाच्या तरी मोबाइलवर ती यादी उघडलेली असावी. एवढी एक गोष्ट नीट बसली तरी वर्षाचं भाडं वसूल होतं असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पंपाच्या धंद्यात, दवाखान्यात, ट्रॅव्हल्सवाल्यांकडे, शिकवणीच्या वर्गांत, सगळीकडे सारखंच. आपल्याकडे मिस्ड कॉल देऊन वाट बघण्याची सवय लोकांना आधीपासून आहे. उलट फोन येणार याची खात्री असली की माणूस दुसऱ्या दुकानाला फोन लावत नाही.

आता गणित करू. खालचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून पुन्हा मांडा. नवीन मशीन बसवून दोन लाख. पहिलं वर्ष वॉरंटी, पुढची चार वर्षं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वर्षाला पंधरा हजार, म्हणजे साठ हजार. सहा लाइनचं भाडं प्रत्येकी पाचशे, पाच वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. एकूण चार लाख चाळीस हजार. क्लाउडवर नऊ माणसांचे दरमहा प्रत्येकी हजार, नंबरचं भाडं आणि मिनिटं मिळून आणखी पाच हजार, असे महिन्याला चौदा हजार. हंगामाच्या चार महिन्यांत पाच माणसं वाढवली तर तेव्हा पाच हजार जास्त. वर्षाला एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, पाच वर्षांचे नऊ लाख चाळीस हजार.

म्हणजे क्लाउड दुपटीहून महाग पडतं. फरक पाच लाखांचा, महिन्याला साधारण आठ हजार तीनशे. कुणी तुम्हाला हा फरक लपवून दाखवत असेल, तर त्याच्याकडून सेवा घेऊ नका. प्रश्न एवढाच उरतो की आज न उचलले गेलेल्या फोनमुळे तुमचा महिन्याला आठ हजार तीनशेपेक्षा जास्त नफा जातो का. एका एकराच्या ठिबक संचावर तुम्हाला किती सुटतात ते तुम्हालाच माहीत. हंगामात असे किती फोन जातात ते एक महिना मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून वर्षाचा करार करण्याआधी एक महिना चालवून बघा. तक्त्यात न उचललेले फोन फारसे निघालेच नाहीत, तर बिनधास्त मशीन घ्या. पण तसं निघालेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. मशीनच्या दोन लाखांत कोल्हापूर आणि सोलापूर येत नाहीत, ते फक्त सांगलीचं आहे. क्लाउडवर तिन्ही गावं एकाच यंत्रणेवर येतात. सोलापूरचा माणूस रजेवर असला की त्याचा फोन सांगलीत वाजतो आणि बोलणाऱ्याला काही फरक कळत नाही. दुसरं, हिशेबनिसाला विचारा: मासिक भाडं त्या त्या वर्षीचा खर्च म्हणून पूर्ण धरता येतं, तर मशीन ही मालमत्ता होते आणि तिच्यावर घसारा लागतो, साधारणपणे प्लांट अँड मशिनरीचा १५ टक्के. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के आहे आणि नोंदणीकृत व्यवसायाला त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्यावरून निवड करू नका.

हंगामाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि भाड्याच्या पद्धतीचा खरा अर्थ तिथेच आहे. तुमच्याकडे फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत धावपळ, मग जुलै-ऑगस्टमध्ये शांतता. मशीन घेताना तुम्ही सगळ्यांत गर्दीच्या आठवड्याच्या मापाने घेता आणि वर्षभर ते अर्धं रिकामं राहतं. भाड्यात मार्चमध्ये पाच माणसं वाढवता येतात आणि जुलैत काढता येतात. पण करारात तसं लिहिलेलं असायला हवं. पुष्कळ करारांत माणसं वाढवणं एका फोनवर होतं आणि कमी करणं वर्ष संपल्याशिवाय होत नाही. मग भाड्याचा फायदाच गेला. "दर महिन्याला संख्या वर-खाली करता येईल, किमान नऊ" असं एक वाक्य लेखी घ्या. ते मिळावं म्हणून दर थोडा जास्त द्यावा लागला तरी द्या.

आता नंबरबद्दल. इथे लोक सगळ्यांत जास्त फसतात आणि फसलो हे दोन-तीन वर्षांनी कळतं.

आज तुमचा नंबर कुणाचा आहे? पाटीवर ०२३३चा लँडलाइन असेल. पण खरा धंदा विक्रीवाल्या पोरांच्या मोबाइलवर चालत असणार. तासगावच्या द्राक्षबागायतदाराकडे तुमच्या दुकानाचा नंबर नसतो, तुमच्या माणसाचा असतो. तो माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत गेला की बागायतदारही गेला. क्लाउड नंबरवरून फोन लावला आणि घेतला तर गिऱ्हाइकाला कायम दुकानाचाच नंबर दिसतो. ओळखीचं गिऱ्हाईक त्याच माणसाकडे जावं ही सोयही असते: मागच्या वेळी जो बोलला होता त्याच्याकडे फोन आधी वाजतो, त्याने नाही घेतला तर दुसऱ्याकडे. गावाकडच्या धंद्यात हे ठेवावंच, कारण गिऱ्हाइकाला "आपला माणूस" हवा असतो. माणूस बदलला तरी नंबर, जुनी नोंद आणि काय बोलणं झालं होतं ते दुकानात राहतं.

पण दुकानाच्या माणसांकडून सोडवून घेतलेला नंबर क्लाउड कंपनीच्या हातात जाऊ देऊ नका. मोबाइल नंबर २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही तोच ठेवता येतो. लँडलाइनच्या नंबरला ही सोय नाही, आणि क्लाउड कंपन्या देतात ते नंबर बहुतेकदा त्याच प्रकारचे असतात. तुम्ही तो नंबर पाट्यांवर, टेम्पोवर, पाइपच्या गुंडाळ्यांवरच्या स्टिकरवर छापता, आणि दोन वर्षांनी सेवा बदलायची ठरवली की नंबर तिथेच राहतो. मग दर वाढवला तरी तुम्ही मान डोलावता. एका सेवा कंपनीने भाव वाढवल्यावर माझ्या ओळखीच्या एका व्यावसायिकाने केवळ छापलेल्या पाट्यांपायी आणखी एक वर्ष काढलं.

उपाय सोपा आहे. पाटीवर तुमचा स्वतःचा, तुमच्या फर्मच्या नावावरचा नंबर ठेवा. जुना ०२३३ किंवा फर्मच्या नावावर घेतलेला एक चांगला मोबाइल नंबर. त्यावर कॉल फॉरवर्ड लावून तो क्लाउड नंबरकडे वळवा. उद्या सेवा बदलली तर फक्त फॉरवर्डचा नंबर बदलायचा, पाटीला हात लावायचा नाही. एकाच वेळी किती फॉरवर्ड कॉल जातात आणि त्यांचे पैसे प्लॅनमध्ये बसतात का, हे तुमच्या टेलिफोन कंपनीला विचारून चाचणी करून घ्या; एका लाइनवर एकच जात असेल तर हा उपाय गर्दीत पुरणार नाही आणि मोबाइलचा रस्ता धरावा लागेल. शहराच्या कोडचा आणखी एक मुद्दा. सेवा देणाऱ्याकडे ०२३३चे नंबर नसले की तो पुण्याचा ०२० किंवा मुंबईचा ०२२ देऊ करतो. मिरजेचा शेतकरी ०२२वरून आलेला फोन कर्जवाल्याचा समजून कापतो. ज्या नंबरवरून तुमचा फोन बाहेर जाणार तो नंबर स्थानिक वाटायला हवा, हे आग्रहाने मागा.

१८०० टोल-फ्री घ्यावा का, असं पुढे तुम्ही विचारालच. नको. फोन करणाऱ्याचे पैसे लागत होते तेव्हा त्याला किंमत होती. आता सगळ्यांकडे अनलिमिटेड पॅक आहेत आणि टोल-फ्रीचं प्रत्येक मिनिट तुम्ही भरणार.

मेनूबद्दल माझं मत ठाम आहे: एकच पायरी, मराठी आधी, आणि तीनपेक्षा जास्त पर्याय नाहीत. "नवीन खरेदीसाठी १, दुरुस्तीसाठी २, हिशेबासाठी ३." काहीच दाबलं नाही तर पाच सेकंदांत थेट माणसाकडे. साठीतल्या शेतकऱ्याला फोन कानापासून काढून आकडा दाबायला लावणं म्हणजे त्याला घालवणं आहे. सोलापूरच्या शाखेत कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं येत असतील, तर तिथे एक वाक्य कन्नडमध्ये टाका. आवाज भाड्याचा घेऊ नका, दुकानातल्याच कुणा स्पष्ट बोलणाऱ्या बाईंचा किंवा पोराचा रेकॉर्ड करा. लोकांना तो आवाज ओळखीचा होतो.

नियमांकडे वळू. इथे स्वस्तात फसण्याचा मोठा रस्ता आहे. भारतात इंटरनेटवरचा फोन साध्या टेलिफोनच्या जाळ्याला जोडायचा असेल तर तो परवानाधारक टेलिकॉम कंपनीमार्फतच जोडता येतो. परदेशी अॅपवरून मिळणारे स्वस्त नंबर, किंवा दहा-वीस सिम घातलेली पेटी बसवून "अनलिमिटेड कॉलिंग" देणारा स्थानिक माणूस, या दोघांपासून लांब राहा. सिमची पेटी पकडली गेली तर पोलीस तुमच्या पत्त्यावर येतात. सेवा देणाऱ्याला सरळ विचारा: तुमच्याकडे दूरसंचार विभागाचा कोणता परवाना आहे, किंवा तुम्ही कोणत्या परवानाधारक कंपनीचे नंबर देता? खरा सेवादाता तुमच्याकडून पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सही करणाऱ्याची ओळख मागतो. जो काहीच मागत नाही त्याला नाही म्हणा.

बाकी नियम गेल्या काही वर्षांत बरेच सैल झाले आहेत. मार्च २०२०च्या टाळेबंदीत कॉल सेंटरांना घरून काम करता यावं म्हणून दूरसंचार विभागाने तात्पुरती सूट दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांची नोंदणीच रद्द केली आणि जून २०२१ मध्ये उरलेले निर्बंधही बरेच कमी केले. परदेशी मोठ्या कंपन्यांनाही इथे फोन नंबर देण्यासाठी परवाना घ्यावा लागला. झूमने २०२३ मध्ये परवाना मिळवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली फोन सेवा भारतात सुरू केली ती महाराष्ट्र सर्कलपासून, पुण्याहून. तुम्हाला झूमच घ्या असं मी सांगत नाही, देशी सेवा तुमच्या कामाला पुरेशा आहेत. पण पर्याय वाढले आहेत आणि भाव करायला जागा आहे.

एका बाबतीत मात्र नियम कडक होत चालले आहेत. ही सेवा घेतली की विकणारा तुम्हाला एक बटण दाखवेल: पाच हजार शेतकऱ्यांची यादी टाका, रेकॉर्ड केलेली जाहिरात एका तासात सगळ्यांना जाईल. ते बटण दाबू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन १४०ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचे असतात आणि आधी नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की नोंदणी न करता असे फोन करणाऱ्याचे सगळे नंबर बंद करायचे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं. एका दुपारच्या जाहिरातीपायी दुकानाचा मुख्य नंबर बंद पडला तर काय होईल, याचा विचार करा. एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) फर्मची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी करा. काम किचकट आहे, सेवा कंपनी मदत करते. "तुमच्या तक्रारीचा क्रमांक अमुक, मेकॅनिक उद्या येईल" असा मेसेज आपोआप गेला की निम्मे चौकशीचे फोन कमी होतात.

व्हॉट्सअॅपचं वेगळं सांगायला हवं. तुमच्या धंद्यात फुटलेल्या फिल्टरचा, जळालेल्या स्टार्टरचा फोटो येतो आणि तो कुणातरी एकाच्या मोबाइलवर पडून राहतो. फोन आणि व्हॉट्सअॅप एकाच खिडकीत दिसणारी, सगळ्यांनी मिळून उघडता येणारी सोय मिळत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

कॉल रेकॉर्डिंग ठेवा, पण सुरुवातीला "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" असं सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची नीट काळजी न घेतल्याबद्दल कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गिऱ्हाइकांचे नंबर आणि संभाषणं तुमच्याकडे आली की त्यांची जबाबदारीही आली. नोकरी सोडलेल्या माणसाचा लॉगिन त्याच दिवशी बंद करा. कोण कुणाचं रेकॉर्डिंग ऐकू शकतो ते ठरवून द्या. सगळ्यांना सगळं उघडं ठेवू नका.

आता तुमची खरी भीती: इंटरनेट गेलं तर? आधी एक दिलासा. वर सांगितल्याप्रमाणे यंत्रणा तुमच्या माणसांच्या मोबाइलला साधा फोन लावत असेल, तर दुकानातल्या इंटरनेटचा कॉलशी संबंधच नाही. लाइट गेली, फायबर तुटली, तरी फोन वाजतो. तुमच्यासारख्या फिरत्या कामाच्या व्यवसायाला मी हीच पद्धत सुचवतो. टेबलावर बसून सतत फोन घेणाऱ्या दोघा-तिघांना इंटरनेटवरचे आयपी फोन द्या.

त्यांच्यासाठी स्पीडची चिंता करू नका. एका कॉलला दोन्ही बाजूंना फार तर १०० केबीपीएस लागतात, दहा कॉलना एक एमबीपीएस पुरतो. आवाज बिघडतो तो उशिरामुळे आणि आवाजाचे तुकडे (पॅकेट) वाटेत हरवल्यामुळे. एका बाजूने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही उशीर शक्यतो याच्या आत ठेवण्याची आहे. म्हणून स्पीड टेस्टवर समाधान मानू नका. दुपारी, शेजारची सगळी दुकानं चालू असताना, तासभर प्रत्यक्ष फोनवर बोलून बघा. आयपी फोन शक्यतो वायरने जोडा. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेणार असाल तर दोघांची वायर एकाच खांबावरून येत नाही ना, आणि तुमचा केबलवाला दुसऱ्याचीच लाइन पुढे देत नाही ना, हे बघा. रस्ता खणताना दोन्ही एकदम तुटल्या तर दुसऱ्या जोडणीचा उपयोग शून्य. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

विजेचंही सांगतो, कारण तुमची गोष्ट तिथूनच सुरू झाली. तांब्याची तार लांबून उघड्यावरून येते आणि वीज कडाडली की झटका तिच्यातून थेट मशीनच्या कार्डापर्यंत पोचतो. फायबर काचेची असते, तिच्यातून विजेचा झटका येत नाही. तुमचं मेनचं अर्थिंग मात्र तपासून घ्याच. कार्डं तारेमुळे जळाली की अर्थिंगमुळे हे दुरुस्तीवाल्याने सांगितलेलं नाही, आणि अर्थिंग खराब असेल तर उद्या राउटरही जळेल.

करार वाचताना मी काय बघतो ते सांगतो. माणसं किती यापेक्षा एकाच वेळी किती कॉल चालतील हे बघा. त्याला चॅनेल म्हणतात, आणि नऊ माणसांच्या प्लॅनमध्ये चॅनेल पाचच असतील तर सहाव्याला पुन्हा एंगेजच लागेल. "अनलिमिटेड"च्या खाली बारीक अक्षरात मिनिटांची मर्यादा असते. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते विचारा. तीस दिवसांनी पुसलं जाणार असेल तर हंगामातली तक्रार पावसाळ्यात ऐकता येणार नाही. सेवा सोडताना सगळी नोंद एक्सेलमध्ये आणि रेकॉर्डिंग फायलींमध्ये मिळेल का, हे लेखी घ्या. बिघाड झाला तर मराठी किंवा हिंदीत फोनवर बोलणारा माणूस मिळतो की फक्त ईमेल, हे रविवारी सकाळी फोन लावून तपासा. विक्रीवाला सोमवारी फोन उचलतोच, त्यावरून काही कळत नाही.

हे सगळं करूनही ही सेवा वाया गेलेली मी पाहिली आहे, आणि दर वेळी कारण एकच होतं: तक्ता कुणी उघडतच नव्हतं. यंत्रणा न उचललेले फोन इमानदारीने लिहून ठेवत होती आणि कुणाचंच ते काम नव्हतं. एका माणसाला नेमा. रोज सकाळी साडेसातला रात्रीची यादी, दुपारी दोनला सकाळची यादी, सगळ्यांना उलट फोन. सोमवारी तुम्ही स्वतः आठवड्याचा तक्ता बघा: किती चुकले, कोणत्या तासात, आणि उलट फोन किती वेळाने गेला. हे काम घ्यायला कुणी तयार नसेल तर भाड्याच्या भानगडीत पडू नका, साधं मशीन घ्या. ते स्वस्त पडेल.

जुन्या मशीनचं काय करायचं? भंगारात देऊ नका. बाहेरच्या लाइनची कार्डं जळाली आहेत, आतल्या इंटरकॉमची बहुधा ठीक असतील. दुरुस्तीवाल्याला तेवढंच तपासायला सांगा. काउंटरवरून गोदामाला "दोन इंची पाइप आहे का" हे विचारायला क्लाउडचं भाडं भरायची गरज नाही, त्या कामाला तेच मशीन अजून काही वर्षं चालेल. आणि एक साधी लाइन किंवा साधा मोबाइल काउंटरवर वेगळा ठेवा, ज्याचा क्लाउडशी काही संबंध नाही. आग लागली किंवा कुणाला लागलं, तर ११२ त्यावरून लावायचा.